गोमेचें बारसें

कांहीं शब्दांच्या नशिबीं जन्मतःच बदनामी आलेली असते. ‘गोम’ हा त्यांपैकींच एक. घोड्याच्या अंगावरील केसांचा एखादा भोंवरा अशुभ ठरला कीं त्याला गोम म्हणावयाचें. व्यवहारांत कोठें लपलेलें वैगुण्य सांपडलें कीं ‘खरी गोम येथेंच आहे’ असें म्हणून मान हलवावयाची. आणि पावसाळ्यांत ती बहुपाद मूर्ति स्वतःच न्हाणीघराच्या मोरींतून बाहेर आली, कीं हातीं लागेल ती वहाण घेऊन तिच्या मागें धांवावयाचें. आपल्या भाषेंत तिच्याविषयीं एकच काय तो बरा उद्गार आहे, आणि तोहि तिच्या पायांच्या विपुलतेमुळें निघालेला: गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाहीं. श्रीमंताचें थोडें नुकसान झालें म्हणजे आपण ही म्हण वापरतों. त्या एका पायाविषयीं गोमेला काय वाटत असेल, याची विचारपूस कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं.

अशा या प्राण्याला शोधून काढून, त्याचें सूक्ष्म निरीक्षण करून, त्याला विधिपूर्वक नांव देण्यांत कांहीं माणसें आपलीं सारीं आयुष्यें वेंचतात, असें जेव्हां मला प्रथम समजलें, तेव्हां मला त्याची केवळ मौज वाटली. पुढें त्यांचे कांहीं निबंध वाचनांत आले, त्यांतील आकृति पाहावयास मिळाल्या, आणि मौज ओसरून तिच्या ठिकाणीं आदर उत्पन्न झाला. मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. परंतु ज्या कामांत कीर्ति थोडी, द्रव्य त्याहून थोडें आणि डोळ्यांचे हाल मात्र अपार, तें काम माणसें इतक्या निष्ठेनें कां करतात, हा प्रश्न तुम्हां-आम्हां गृहस्थांनींहि एकदां स्वतःला विचारण्यासारखा आहे.

प्रथम या घराण्याची ओळख करून घेऊं. आपण जिला सरसकट गोम म्हणतों तो एक प्राणी नसून प्राण्यांचा एक मोठा वर्ग आहे. पावसाळ्यांत भिंतीवर दिसणारा आणि बोट लागतांच पैशासारखें वेटोळें करून पडणारा वाणी हा मात्र यांतला नव्हे. वाण्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन दोन जोड्या असतात, आणि तो बिचारा कुजलेल्या पाल्यावर निर्वाह करतो. गोमेच्या वलयाला पायांची एकच जोडी, आणि तिचा आहार मांसाचा. धडाच्या अगदीं पहिल्या जोडीचे तर तिनें विषारी आंकडेच बनविले आहेत. गोम चावते असें आपण म्हणतों. खरें पाहतां ती पायांनीं डसते.

संस्कृतांत तिला शतपदी म्हणतात, आणि पाश्चात्य भाषांतील तिच्या नांवाचा अर्थहि शंभर पायांची असाच आहे. गंमत ही कीं, बरोबर शंभर पाय असणें हें तिच्या प्रकृतींतच नाहीं. निरनिराळ्या जातींत पायांच्या जोड्या पंधरापासून एकशें एक्याण्णवपर्यंत आढळतात. परंतु एखादी विकृत व्यक्ति सोडली, तर प्रौढ गोमेंत जोड्यांची संख्या नेहमीं विषमच असते. शंभर पायांना पन्नास जोड्या हव्यात, आणि पन्नास ही संख्या सम! एकोणपन्नास चालतील, एक्कावन चालतील, पण पन्नास म्हणून चालावयाच्या नाहींत. वाण्याच्या ‘सहस्रपाद’ या नांवाची गोष्टहि अशीच. ती निव्वळ अतिशयोक्ति होती. अखेर २०२१ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत जमिनीखालीं साठ मीटर खोल विवरांत सांपडलेल्या एका जातीचें वर्णन प्रसिद्ध झालें, तिच्या एका नमुन्याला १३०६ पाय निघाले, आणि त्या नांवाची लाज राहिली.

गोमांच्या आजवर तीन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांपैकीं बाराशेंहून अधिक जाति एकाच गणांतल्या आहेत. ज्या ग्रीक शब्दांवरून या गणाचें नांव पडलें त्यांचा अर्थ ‘भूमिप्रिय’ असा होतो, आणि तें नांव त्यांना शोभतें. या गोमा दोऱ्यासारख्या बारीक, बहुधा पिंवळट किंवा तांबूस, आणि जन्मांध असतात. डोळ्यांची खूणसुद्धां त्यांच्या मस्तकावर नसते. चौदा चौदा पेरांच्या दोन शृंगांनीं चांचपडत त्या मातीच्या भेगांतून, दगडांखालून आणि कुजक्या पाल्याच्या थरांतून हिंडतात. मादी अंडीं घालते तेव्हां त्यांच्या भोंवतीं आपल्या शरीराचें वेटोळें करून, पिल्लें हिंडूं-फिरूं लागेपर्यंत राखण करीत बसते. कांहीं जातींच्या पोटाखालील ग्रंथींतून तेजस्वी रस स्रवतो. कोंकणांतील आमच्या घरीं पावसाळ्यांतील रात्रीं दिवा मालवल्यावर ओटीच्या जमिनीवरून हिरवट प्रकाशाची एक बारीक रेघ हळूहळू सरकत जातांना मीं लहानपणीं पाहिली आहे. ‘हात लावूं नकोस,’ एवढेंच तिच्याविषयींचें घरांतलें ज्ञान होतें.

या भूमिप्रिय गोमांमध्यें ज्या अत्यंत लहान आहेत, त्यांच्याकडेच मला वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. अर्जेंटिनाच्या ईशान्य कोपऱ्यांत मिसियोनेस नांवाचा दाट अरण्यांचा प्रांत आहे. तेथील एका जातीचें वर्णन लुईस पेरेइरा या अर्जेंटिनी संशोधकानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. तिचें नांव ‘दिनोजिओफिलस ओलिगोपोडस’. नांव उच्चारावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्यांत ती प्राणी म्हणून पाहून संपते. कारण तिची लांबी फार तर साडेपांच मिलिमीटर, म्हणजे आंबेमोहोर तांदळाच्या एका दाण्याएवढी. तेवढ्या अंगांत मेंदू, लांबट हृदय, अन्ननलिका, विषाचे आंकडे आणि पायांच्या तिसाच्या आसपास जोड्या! ताटांतला दाणा उचलून बोटाच्या टोंकावर ठेवावा आणि हें सर्व त्यांत बसविण्याची कल्पना करावी, म्हणजे सृष्टीच्या कारागिरीची थोडी अटकळ येते.

असले जीव सांपडतात तरी कसे? रानांत जाऊन डोळ्यांनीं शोधूं म्हटलें तर जन्म जावयाचा. म्हणून पाला आणि वरची माती चाळून घेतात आणि एका मोठ्या नरसाळ्यांत जाळीवर पसरून ठेवतात. वरून ऊब दिली कीं पाला वरच्या बाजूनें वाळूं लागतो, आणि ज्यांचा प्राण ओलाव्यांत ते सर्व जीव खालीं खालीं सरकत अखेर नरसाळ्याच्या तोंडाखालील मद्यार्काच्या बाटलींत पडतात. बेर्लेसे नांवाच्या इटालियन कीटकशास्त्रज्ञानें १९०५ सालीं ही युक्ति काढली, आणि थोड्याफार फरकानें ती अद्यापि चालू आहे.

ब्राझीलमध्यें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत मानाउस शहराच्या आसपास नदीकांठचीं जीं अरण्यें आहेत त्यांत दरसाल पुराचें पाणी शिरतें तें कित्येक महिने हटत नाहीं. झाडांचीं खोडें कित्येक मीटर पाण्यांत बुडतात. अशा वेळीं पाल्यांतल्या त्या इवल्याशा रहिवाशांचें काय होत असेल? योआखिम आडिस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें हा प्रश्न मनाशीं धरून तेथें वर्षांनुवर्षें काम केलें. पूर येण्याच्या सुमारास कित्येक प्राणी खोडांवर चढून जातात, असें खोडांवर बसविलेल्या सापळ्यांतून त्याला दिसून आलें. त्याच्या संग्रहांतील गोमा पेरेइरा आणि इटलींतील पादुआचे मिनेल्ली यांच्या हातीं गेल्या. या दोघांनीं सहकाऱ्यासह १९९५ सालीं ॲमेझॉनच्या प्रदेशांतील भूमिप्रिय गोमांच्या नऊ नव्या जाति एका निबंधांत जगापुढें मांडल्या. त्यांतील एका जातीच्या नराला पायांच्या सत्तावीसच जोड्या आहेत. या गणांत याहून कमी पाय कोठेंच नोंदलेले नाहींत. तिला त्यांनीं ‘ओलिगोपस’, म्हणजे अल्पपाद, हें नांव दिलें. चोपन्न पाय असून जिला अल्पपाद म्हणावयाचें त्या घराण्याचें वैभव काय वर्णावें!

परंतु रानांतून बाटली घेऊन येणें हा या कामाचा सोपा भाग होय. खरें काम टेबलाशीं बसल्यावर सुरू होतें. एखादी जाति नवी आहे असें म्हणावयाचें, तर जुन्या सर्व जाति ठाऊक असाव्या लागतात; आणि त्यांचीं वर्णनें जर्मन, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन अशा नाना भाषांतून विखुरलेलीं आहेत. लिनियसनें १७५८ सालीं प्राण्यांच्या नामकरणाचा पाया घातला तेव्हां सगळ्या गोमांना त्यानें एकाच प्रजातींत घालून टाकलें होतें. पुढें व्हिएन्नाचे आटेम्स यांनीं १९२९ आणि १९३० सालीं दोन जाड ग्रंथांत त्या वेळीं ज्ञात असलेल्या जातींचा मेळ घातला. जुन्या वर्णनांपैकीं कित्येक तीन-चार ओळींचीं. त्यांवरून एका जातीची गोम ओळखावी तर तिच्या चार चुलत बहिणीहि त्यांत बसतात. मग ज्या मूळ नमुन्यावरून तें वर्णन लिहिलें गेलें तो नमुना कोणत्या पदार्थसंग्रहालयांत आहे तें शोधावयाचें, आणि तो पुनः डोळ्यांखालून घालावयाचा. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिच्यासाठीं पंडितांनीं हजारांवर हस्तलिखितें तपासलीं हें आपल्यांतील पुष्कळांना माहीत आहे. गोमेचा अभ्यासक करतो तें याहून निराळें नाहीं. त्याची पोथी साडेपांच मिलिमीटर लांब असते इतकेंच.

पाठभेद जुळवून झाले आणि जाति खरोखरच नवी ठरली, म्हणजे मग बारसें. या बारशाचेहि विधिनियम आहेत. नांव दुहेरी असावें: आधीं प्रजातीचें, मग जातीचें, शाळेच्या हजेरीपटांत आडनांव आधीं आणि मुलाचें नांव मागून यावें तसें. त्यापुढें नांव ठेवणाराचें नांव आणि सालहि लिहितात. एक प्रकारें गोत्राबरोबर प्रवरहि सांगितला जातो. एकाच प्राण्याला दोघांनीं दोन ठिकाणीं नांवें ठेवलीं असतील तर जें आधीं प्रसिद्ध झालें तें टिकतें आणि दुसरें बाद होतें. आपल्याकडे आढळणाऱ्या एका मोठ्या गोमेला लिनियसनें १७५८ सालींच नांव दिलें असतां, पुढें अनेकांनीं देशोदेशीं तिचीं नव्यानें बारशीं केलीं. तीं सर्व नांवें आतां अडगळींत पडलीं आहेत. नांव स्थळावरून ठेवावें, एखाद्या खुणेवरून ठेवावें, किंवा कोणा आदरणीय व्यक्तीच्या स्मरणार्थ ठेवावें. स्वतःचें मात्र ठेवूं नये असा शिष्टसंकेत आहे.

आणि नवी जाति सांपडण्यास घनदाट अरण्यच पाहिजे असेंहि नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या मधोमध जें मोठें उद्यान आहे, जेथें रोज हजारों माणसें हवा खावयास जातात, तेथल्याच पाल्यांत सुमारें दहा मिलिमीटर लांबीची आणि ब्याऐंशीं पायांची एक गोम निघाली. या शतकाच्या आरंभीं तिचें वर्णन झालें तेव्हां तिची जातिच काय, पण प्रजातिहि नवी ठरली. व्हर्जिनियांतील रिचर्ड हॉफमन या वयोवृद्ध अभ्यासकाच्या सन्मानार्थ तिचें नांव ठेवलें गेलें. ती मूळची पूर्व आशियाकडची असून कुंडींतल्या रोपांच्या मातीबरोबर समुद्र ओलांडून आली असावी, असा तर्क आहे.

नामकरणाचा समारंभ एका ओळीचा. परंतु त्यामागचें वर्णन कित्येक पानांचें असतें. मीं असें एक वर्णन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलें. साहित्यांत आपल्याला ज्या वर्णनांची संवय आहे त्यांत ‘वर्णन’ आणि ‘स्तुति’ यांत फारसा भेद नसतो; मुखाला चंद्र आणि चालीला हंस लावला कीं वर्णन झालें. येथें तसल्या उपमेला थारा नाहीं. शृंगाच्या प्रत्येक पेराची लांबी-रुंदी, त्यावरील केसांची संख्या आणि ठेवण, वरच्या ओठावरील दांते, आंकड्याच्या बुडाशीं गुठळी आहे किंवा नाहीं, पोटाखालील सूक्ष्म छिद्रांचा पट्टा कितव्या वलयापासून कितव्या वलयापर्यंत जातो, शेवटच्या पायांच्या मुळाशीं किती रंध्रें आहेत, असें एकामागून एक सांगितलेलें असतें. त्यासाठीं केसाहून बारीक सुईनें जबडा सोडवून, तो द्रवांत पारदर्शक करून, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवून त्याची आकृति काढावी लागते. अलीकडे प्राण्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा क्रमहि ताडून पाहतात. पण त्यानें डोळ्यांचें काम संपत नाहीं. मला त्या वाचनाचा आरंभीं कंटाळा आला, हें कबूल केलें पाहिजे. दोन पानें गेल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानांत येऊं लागली. लिहिणारा स्वतःविषयीं एक अक्षरहि बोलत नव्हता. ती गोम सुंदर आहे, विचित्र आहे, दुर्मिळ आहे, असेंहि सांगत नव्हता. परंतु ओळीमागून ओळ वाचतां वाचतां ती माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली, आणि तिच्यासारख्या दुसरीशीं माझी गल्लत होणें अशक्य झालें. एखाद्याकडे पूर्ण लक्ष देणें यासारखा दुसरा सन्मान नाहीं, हें मला एका रुक्ष निबंधानें शिकविलें.

कोणी म्हणेल, या उपद्व्यापाचा उपयोग काय? तांदळाच्या दाण्याएवढी गोम असली काय आणि नसली काय! या प्रश्नाला उत्तर म्हणून कोणी तिच्या विषांतून निघूं शकणाऱ्या औषधांचा दाखला देतात, कोणी जमिनीच्या कसांत अशा जीवांचा वांटा किती तें सांगतात. तीं उत्तरें आपापल्या परी योग्य असतील. मला मात्र दुसऱ्या दोन घटना आठवतात.

मानाउसच्या उत्तरेस उआतुमां नदीवर बाल्बिना येथें धरण बांधलें गेलें. १९८७ सालीं त्यांत पाणी भरूं लागलें आणि दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य त्याखालीं गेलें. नदीकांठचे जीव पूर येणार हें जाणून खोडांवर चढावयास शिकलेले असतात. उंच कोरड्या भूमीवरील पाल्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांना ती विद्या कोठून येणार? आणि चढले असते तरी हा पूर ओसरणारा नव्हता. त्या पाल्यांत किती जाति होत्या याचा हिशेब आतां कोणालाहि मांडतां यावयाचा नाहीं. ज्याचें नांवच कधीं कोणी उच्चारलें नाहीं, त्याच्या जाण्याचें सुतकहि कोणाला लागत नाहीं.

दुसरी घटना २ सप्टेंबर २०१८ ची. त्या रात्रीं रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय पदार्थसंग्रहालयाला आग लागली. ती संस्था १८१८ सालीं स्थापन झालेली. दोनशें वर्षांची तिची पुंजी. कीटकांचा आणि कोळ्यांचा संग्रह जवळजवळ सगळा भस्मसात झाला, आणि त्यांत ज्यांवरून नांवें दिलीं गेलीं ते मूळ नमुनेहि गेले. जेथें वर्णन सावकाशीनें, सचोटीनें लिहिलेलें होतें, तेथें तो प्राणी अद्यापि ओळखतां येतो. जेथें तीन ओळींत काम उरकलेलें होतें, तेथें राखेबरोबर सर्व संपलें. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींतून कोरड्या निघाल्या ही कथा आपण भक्तिभावानें सांगतों. अभंग लोकांच्या मुखांत होते म्हणून तरले, असेंहि कित्येक जाणते म्हणतात. उत्तम वर्णन हें असेंच मुखोद्गत अभंगासारखें असतें; वही बुडाली तरी तें बुडत नाहीं.

हें सर्व मीं वाचलेलें. यानंतरचें मात्र डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. माझ्या एका स्नेह्यांचे चिरंजीव याच विषयाचे अभ्यासक आहेत. गेल्या वर्षीं त्यांच्या घरीं गेलों असतां त्यांनीं मला आपल्या खोलींत बोलावलें. “काका, इकडे या, डावा डोळा मिटा आणि पाय मोजून पाहा,” असें म्हणून त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र माझ्यापुढें सरकविलें. भिंगाखालीं फिकट पिंवळ्या रंगाची एक गोम निजली होती. पाऊण बोटाएवढीहि नव्हती. परंतु त्या प्रकाशांत तिचा पाय अन् पाय कांचेच्या नळीसारखा निर्मळ दिसत होता. मीं मोजले; त्रेचाळीस जोड्या भरल्या.

“बरोबर,” ते म्हणाले. “मीहि तितक्याच मोजल्या. पण तीन दिवस, तीन वेळां.”

ही कोठली म्हणून मीं विचारलें. दक्षिण कोंकणांतील एका देवराईच्या पाल्यांत ती त्यांना सांपडली होती. त्यांनीं जेवढें वाङ्मय तपासलें त्यांतील कोणत्याच जातीशीं ती जुळत नव्हती. परंतु ती एकटीच होती, आणि तिची वाढ पुरी झालेली नव्हती. वाढीबरोबर कांहीं रंध्रांची संख्या बदलते. म्हणून प्रौढ नर आणि मादी मिळाल्यावांचून तिला नवी म्हणणें त्यांना प्रशस्त वाटेना. पुढच्या पावसाळ्यांत ते पुनः गेले, तेव्हां कांहीं मिळालें नाहीं. त्याच्या पुढच्या वर्षीं गेले तों देवराईच्या त्या अंगाला झाडेंच नव्हतीं. रस्ता रुंद करण्याचें काम चालू होतें, आणि जेथून त्यांनीं पाला चाळला होता तेथें खडीचा ढीग पडला होता.

“मग आतां हिचें काय?” मीं विचारलें.

“कांहीं नाहीं. ‘जाति अनिश्चित’ म्हणून राहील.”

“मनांत नांव ठरवून ठेवलें होतें का?”

“नाहीं, काका. आमचे गुरुजी सांगत, नांव आधीं योजूं नये. नांव सुचलें कीं डोळे नसलेल्या खुणा शोधूं लागतात, आणि असलेल्या त्यांना दिसेनाशा होतात.”

हें त्यांनीं अगदीं सहज सांगितलें. आवाजांत खेद नव्हता कीं तक्रार नव्हती. त्यांनीं ती गोम चिमट्यानें उचलून पुनः बाटलींत ठेवली आणि बूच घट्ट बसविलें.

त्या दिवशीं घरीं परततांना मला सह्याद्रींतील दुसऱ्या एका गोमेची हकीकत आठवत होती. ती आकारानें या भूमिप्रियांहून मोठी, पण तीहि दगडांखालीं आणि पाल्यांत राहणारी. तिच्या नराच्या शेवटच्या पायावर बोटासारखा एक उंचवटा असतो, म्हणून आटेम्स यांनीं १९३० सालीं तिच्या प्रजातीला ‘अंगुलिपाद’ अशा अर्थाचें ‘डिजिटिपेस’ हें नांव दिलें. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनीं या प्रजातीच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून तिची वंशावळ मांडली. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आपले किल्ले, आपल्या लेण्यांचे डोंगर त्याच काळ्या दगडाचे. त्या अग्निप्रलयांत या गोमांचा वंश पश्चिम घाटाच्या दक्षिण टोंकाकडील अरण्यांत तग धरून राहिला आणि तेथूनच मागाहून उत्तरेकडे पसरला असावा, असा त्यांच्या २०१३ सालच्या निबंधाचा निष्कर्ष आहे. त्याच साली जोशी आणि लंडनचे एजकोम यांनीं या प्रजातीच्या ज्या नव्या जातींचीं वर्णनें केलीं, त्यांपैकीं एकीला दख्खनच्या गोमांवर आधीं काम करून गेलेल्या जंगी या भारतीय अभ्यासकाचें नांव दिलें. ऋषिऋण फेडण्याची ही एक रीत म्हणावयास हरकत नाहीं.

जो वंश कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या आगींतून वांचला, त्याची एखादी शाखा एका पावसाळ्यांत खडीच्या ढिगाखालीं जाऊं शकते, हा विचार मनाला स्वस्थ बसूं देत नाहीं. रस्ते नकोत असें मी म्हणत नाहीं. रस्त्यांवांचून चालावयाचें नाहीं हें मलाहि कळतें. परंतु आपण काय पुसून टाकीत आहों याची निदान एक ओळ कोठें तरी लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.

आपल्या धर्मशास्त्रानें गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ एक आहे. वैश्वदेवाच्या वेळीं आपल्या वाडवडिलांनीं कृमिकीटकांच्या नांवानेंहि भात काढून ठेवला. त्या जीवांचीं वेगवेगळीं नांवें त्यांना ठाऊक नव्हतीं. ते सर्व मिळून एकच बलि होता. आज कोणी एक मनुष्य सूक्ष्मदर्शक यंत्रावर मान मोडून बसतो आणि त्या समुदायांतून एकेकाला वेगळें काढून, त्याचे पाय मोजून, त्याला ज्याचें त्याचें नांव देतो. मला तोहि भूतयज्ञच वाटतो.

त्या बाटलीवरची चिठ्ठी मीं निघतांना वाचली होती. तारीख होती, गांवाचें नांव होतें, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, ‘देवराई, पालापाचोळा, ओलसर’ असे शब्द होते. जातीच्या नांवाची जागा कोरी होती. घाईनें तेथें एखादें नांव लिहून टाकणें मुळींच कठीण नव्हतें. ती कोरी ठेवून, तिच्याखालीं एक रेघ ओढून, बाटली जपून कपाटांत ठेवणारा मनुष्य मला पुष्कळ लेखकांहून मोठा वाटला. ज्याला नांव देतां येत नाहीं त्याच्यासाठीं निदान नांवापुरती जागा राखून ठेवणें, हेंहि थोडें नाहीं.